मोरचूद, मोल आणि अकरावीची केमिस्ट्री

माझी मामेबहीण या जूनमध्ये अकरावी सायन्सला जाणार आहे. चौथीपर्यंत जिल्हा परिषदेची शाळा, पुढं गावातलं हायस्कूल, सगळं शिक्षण मराठीतून. माझंही तसंच झालं. गेल्या आठवड्यात तिचा फोन आला, "ताई, केमिस्ट्री लई अवघड जातं म्हणत्यात. तू काय केलंवतंस?" फोनवर जमेल तेवढं सांगितलं, पण ठेवल्यावर लक्षात आलं की निम्मं राहूनच गेलं. ते आता सविस्तर लिहिते आहे. तिच्यासारखे मराठी माध्यमातून सायन्सला जाणारे पुष्कळ असतात, त्यांनाही उपयोगी पडावं.

मी सांगोला तालुक्यातली. घरी डाळिंबाची बाग. आता सोलापुरात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि विषय केमिस्ट्रीच घेतला आहे. अकरावीच्या पहिल्या चाचणीत याच विषयात मला २५ पैकी ६ मार्क पडले होते. दहावीला विज्ञानात चांगले मार्क होते, त्यामुळे तो पेपर हातात पडल्यावर मी दोन दिवस घरी कुणाला सांगितलंच नाही. तिसऱ्या दिवशी तो पेपर घेऊन बसले आणि प्रत्येक चुकलेल्या प्रश्नासमोर 'का चुकला' ते मराठीत लिहून काढलं. दहापैकी सात ठिकाणी एकच कारण निघालं. प्रश्न काय विचारतोय हेच कळलं नव्हतं. उत्तर येत होतं.

एक प्रश्न होता, सोल्यूट आणि सॉल्व्हंट यांतला फरक सांगा. मी तो कोरा सोडला होता. द्राव्य आणि द्रावक यांतला फरक मी आठवीपासून लिहीत आले होते.

मे महिन्यातलं काम

म्हणून पहिला सल्ला कॉलेज सुरू होण्याआधीचा आहे. नववी आणि दहावीची विज्ञानाची पुस्तकं रद्दीत घालू नका, धाकट्या भावंडांना देऊ नका. बालभारती तेच पुस्तक मराठीत आणि इंग्रजीत, दोन्हीत काढते. धडे तेच, क्रम तोच, आकृत्याही त्याच. इंग्रजी माध्यमाचं पुस्तक बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं. मोबाइलवर उतरवून घ्या, आपलं मराठी पुस्तक मांडीवर ठेवा आणि एक परिच्छेद इकडचा, एक तिकडचा असं वाचत जा. शब्दकोश काढायची गरज पडत नाही, कारण अर्थ तुम्हाला आधीच माहीत असतो.

सगळं पुस्तक करायला वेळ नसेल तर माझ्या वेळच्या पुस्तकांतले हे धडे आधी घ्या: नववीतला 'द्रव्याचे मोजमाप', आम्ल-आम्लारी-क्षारांचा धडा, दहावीतला मूलद्रव्यांच्या आवर्ती वर्गीकरणाचा आणि रासायनिक अभिक्रिया व समीकरणांचा. अकरावीच्या पहिल्या तीन महिन्यांचा पाया या चार धड्यांत आहे. मी हे काम चाचणीनंतर, ऑगस्टमध्ये केलं. रोज एक तास, साधारण तीन आठवडे लागले. मेमध्ये केलं असतं तर त्या सहा मार्कांची वेळ आली नसती, याची मला आजही खात्री वाटते.

हे करताना एक वही घाला. पानावर तीन रकाने पाडा. पहिल्यात इंग्रजी शब्द, दुसऱ्यात मराठी, तिसऱ्यात तुम्ही डोळ्यांनी पाहिलेली एखादी गोष्ट. तिसरा रकाना महत्त्वाचा, तो रिकामा ठेवायचा नाही. 'एक्झोथर्मिक, उष्मादायी, कळीचा चुना विरघळवताना बादली तापते.' 'प्रेसिपिटेट, अवक्षेप, बोरच्या पाण्याची बाटली ठेवून दिली की तळाला बसणारा पांढरा साका.' साक्याचं उदाहरण मी लिहिलं तेव्हा आमच्या मॅडमनी विचारलं, तो साका आधी विरघळलेला होता की नुसता तरंगत होता? विरघळलेल्यातून घन बाहेर पडलं तरच अवक्षेप, गाळ खाली बसला तर तो गाळच. हा फरक मला वहीमुळेच कळला.

वही भरत गेले तशी एक गोष्ट दिसली. आपले मराठी शब्द बऱ्याचदा अर्थ उघडा करून सांगतात. 'आयसोटोप' हा ग्रीकवरून घडवलेला शब्द. त्याचा अर्थ 'तीच जागा', कारण एकाच मूलद्रव्याचे ते वेगवेगळ्या वजनाचे अणू आवर्तसारणीत एकाच घरात बसतात. आपला शब्द 'समस्थानिक'. तंतोतंत तोच अर्थ. 'कोव्हॅलंट' म्हणजे संयुजेत सहभाग, आपला 'सहसंयुज'. वर्गात इंग्रजी माध्यमाच्या मुलींना आयसोटोप आणि आयसोबार यांत गोंधळ व्हायचा. मी मनात समस्थानिक आणि समभारिक म्हणायचे आणि गोंधळ संपायचा. आपण मराठीतून आलो म्हणजे मागं राहिलो असं कुणी म्हटलं तर ऐकून घेऊ नका. आपल्याकडं एक शब्द जास्त आहे.

नावांच्या शेपट्यांकडंही लक्ष द्या. सल्फाइड, सल्फाइट, सल्फेट. शेवटी 'आइड' असेल तर बहुतेक वेळा त्यात ऑक्सिजन नसतो, 'आइट' मध्ये कमी असतो, 'एट' मध्ये जास्त. ऑक्साइड, हायड्रॉक्साइड हे अपवाद नावातच कळतात. नायट्राइट-नायट्रेट, क्लोराइड-क्लोरेट असं पन्नासेक नावांवर तपासून पाहा. मग सूत्रं पाठ करायला निम्मा वेळ लागतो.

मोल

केमिस्ट्रीत नापास होणाऱ्यांतले बरेचसे मोलपाशी अडलेले असतात. हा धडा अगदी सुरुवातीला येतो, वर्गात लवकर उरकला जातो, आणि पुढं बारावीपर्यंत पिच्छा सोडत नाही. म्हणून इथं थांबा. बाकी काही राहिलं तरी चालेल.

मोल म्हणजे संख्या. ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात एवढे कण. २०१९ पासून ही संख्या व्याख्येनंच पक्की केलेली आहे. पण ही व्याख्या पाठ करून मला काहीच कळलं नव्हतं. 'एवढे कण कोण मोजणार?' हा माझा प्रश्न होता, आणि वर्गात तो विचारायची हिंमत झाली नाही.

उत्तर घरी मिळालं. ज्वारीचं बियाणं कुणी दाणे मोजून घेत नाही, वजनावर घेतात. पण एकरी किती रोपं उभी राहतील याचा अंदाज बांधायचा असेल तर शंभर दाण्यांचं वजन बघतात. समजा शंभर दाणे ३ ग्रॅम भरले. मग ६० ग्रॅममध्ये किती दाणे? २०००. एकही दाणा न मोजता आपण दाणे मोजले. मोल म्हणजे हीच युक्ती. कार्बनचे एक मोल अणू १२ ग्रॅम भरतात, पाण्याचे एक मोल रेणू १८ ग्रॅम. तुम्ही वजन करता, आणि मोजता कण. अभिक्रिया कणाकणांत होते, तराजू ग्रॅम दाखवतो, आणि या दोघांमधला दुभाषा म्हणजे रेणुवस्तुमान, एक मोल किती ग्रॅम भरतो तो आकडा.

आता आमच्या बागेतलं. तेल्या रोग येऊ नये म्हणून बाग विश्रांतीत असताना आबा बोर्डो मिश्रण फवारतात. एक टक्क्याचं बोर्डो करायचं तर १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १०० लिटर पाणी. हे प्रमाण आमच्याकडं लहान पोरांनाही पाठ असतं. फ्रान्समधल्या बोर्डो भागात द्राक्षावरच्या केवडा रोगासाठी मिलार्देनं १८८५ मध्ये हे मिश्रण जगापुढं मांडलं, आणि आज ते सांगोल्याच्या माळावर चालतं. मला ही गोष्ट फार आवडते.

मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेटचे निळे स्फटिक. रेणुवस्तुमान जवळपास २५०. म्हणजे १ किलोत १००० भागिले २५०, चार मोल. ते १०० लिटरमध्ये, म्हणून मोलॅरिटी, म्हणजे एका लिटर द्रावणात किती मोल, ती ०.०४. हे गणित मी ज्या दिवशी ड्रमाशेजारी उभी राहून केलं त्या दिवसापासून मोलॅरिटी मला कधी चुकली नाही. तुमच्याकडं डाळिंब नसेल तर युरिया असेल, मिठाचं पाणी असेल, ओआरएसची पुडी असेल. पुडीच्या मागं ग्रॅममध्ये सगळं छापलेलं असतं. एक पुडी घ्या आणि तिच्या एक लिटरात सोडियम क्लोराइड किती मोल पडतं ते काढा.

आबांच्या पद्धतीत आणखी एक गोष्ट बघण्यासारखी आहे. ते मोरचूद ५० लिटर पाण्यात आणि चुना ५० लिटर पाण्यात वेगळा विरघळवतात, मग दोन्ही एकत्र. '१०० लिटर' हे शेवटी झालेल्या मिश्रणाचं माप असतं. प्रयोगशाळेत हेच आहे. २५० मिली द्रावण करायचं म्हणजे फ्लास्कमध्ये पदार्थ घेऊन वर २५० मिली पाणी ओतायचं नसतं. आधी थोड्या पाण्यात विरघळवायचं आणि मग मानेवरच्या खुणेपर्यंत भरायचं. मोलॅरिटी मोजतात ती एक लिटर द्रावणामागं. मोलॅलिटीत मात्र एक किलो द्रावक धरतात. दोन शब्दांत एका अक्षराचा फरक आहे आणि परीक्षेत दरवर्षी तिथंच मार्क जातात.

सरावाला एक गणित देते: फळं लागल्यावर अर्धा टक्क्याचं बोर्डो घेतात, म्हणजे १०० लिटरला ५०० ग्रॅम मोरचूद. मोलॅरिटी किती? आणि १५ लिटरच्या पाठीवरच्या एका पंपात मोरचुदाचे किती मोल गेले? पहिलं ०.०२ आणि दुसरं ०.३ यायला पाहिजे. आलं नाही तर पुढचा धडा उघडू नका.

लिमिटिंग रिएजंटची, म्हणजे जो पदार्थ आधी संपतो त्याची, गणितं बैलगाडीनं करा. एका गाडीला दोन बैल लागतात. पाच गाड्या आणि आठ बैल असतील तर गाड्या चारच जुंपता येतील, एक उभी राहील. बैल कमी पडले, म्हणून किती गाड्या निघणार ते बैलांनी ठरवलं. आता गाडीच्या जागी ऑक्झॅलिक ॲसिड ठेवा आणि बैलाच्या जागी सोडियम हायड्रॉक्साइड. या आम्लाच्या रेणूकडं द्यायला दोन हायड्रोजन असतात, त्यामुळे एका रेणूला हायड्रॉक्साइडचे दोन लागतात. मात्र बैल आणि गाड्या मोजायच्या, त्यांची वजनं करायची नाहीत. ग्रॅम सरळ समीकरणात घालणं ही या धड्यातली सगळ्यात मोठी चूक. आधी मोल करा, मोलमध्ये गुणोत्तर लावा, शेवटी हवं तर परत ग्रॅम करा.

गणितं आणि लॉग टेबल

प्रत्येक आकड्याच्या मागं एकक लिहा. ग्रॅम भागिले ग्रॅम प्रति मोल केलं की ग्रॅम कटतात आणि मोल उरतात. शेवटी उरलेलं एकक प्रश्नात विचारलेलं नसेल तर तुम्ही कुठंतरी उलटं भागलं आहे. सूत्र विसरलं तरी एककं रस्ता दाखवतात. मी बारावीच्या परीक्षेत एक सूत्र खरोखरच विसरले होते आणि एककांवरून परत उभं केलं.

बोर्डाच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल (गुणाकार-भागाकाराची बेरीज-वजाबाकी करून देणारं आकड्यांचं कोष्टक) वापरायचं असतं. म्हणून अकरावीच्या पहिल्या दिवसापासून घरीही कॅल्क्युलेटर बाजूला ठेवा. लॉग टेबल पाच रुपये वाचवून कुणाचं तरी जुनं, फाटकं घेऊ नका. अंक स्पष्ट दिसणारं घ्या आणि कडेला पट्टी ठेवून वाचा, ओळ सुटत नाही. ०.०३५७ चा लॉग 'बार २ पॉइंट ५५२७'. यातला बार, म्हणजे उणे, फक्त २ ला असतो, पुढचा भाग धनच राहतो. बेरीज-वजाबाकी करताना बार असलेला आकडा वेगळा आणि दशांशातला भाग वेगळा हाताळा. २, ३, ५ आणि ७ चे लॉग तोंडपाठ असू द्या: ०.३०१०, ०.४७७१, ०.६९९०, ०.८४५१. यांवरून उत्तराचा अंदाज लगेच येतो. मी रोज रात्री जेवणानंतर तीन गुणाकार आणि दोन भागाकार लॉगनं करायचे. दिवाळीपर्यंत हात बसला.

प्रॅक्टिकल

प्रॅक्टिकलला बारावीत ३० मार्क असतात आणि लेखीला ७०. पण मी मार्कांसाठी सांगत नाही. मला केमिस्ट्री आवडायला लागली ती प्रयोगशाळेतल्या एका चुकीमुळं.

ऑक्झॅलिक ॲसिडचं ०.०५ मोलर द्रावण २५० मिली करायचं होतं आणि त्यावर ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड ब्युरेटमधून (मिलीच्या खुणा आणि खाली तोटी असलेल्या उभ्या नळीतून) सोडायचं होतं. वजन किती घ्यायचं ते आम्हीच काढायचं होतं. सूत्रावरून मी रेणुवस्तुमान ९० काढलं, १.१२५ ग्रॅम वजन केलं, द्रावण केलं. पिपेटनं, म्हणजे ठरावीक माप ओढून घेणाऱ्या नळीनं, १० मिली घेतलं. हिशेबानं ब्युरेटवर १० मिली यायला पाहिजे होते. माझ्याकडं ७.१ आले. दुसऱ्यांदा ७.१, तिसऱ्यांदा ७.२. शेजारच्या बाकावरच्या मुली म्हणाल्या, १० लिहून टाक, सगळ्यांचं तेच आहे. मी पेन उचललंही होतं.

मॅडम मागं उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "तीन वेळा तेच येतंय म्हणजे तुझा हात बरोबर आहे. मग काय चुकलं ते शोध." मी बाटली हातात घेतली. लेबलवर 'डायहायड्रेट' लिहिलेलं होतं. ऑक्झॅलिक ॲसिडच्या स्फटिकात प्रत्येक रेणूसोबत पाण्याचे दोन रेणू असतात. त्यांचे ३६ धरले की रेणुवस्तुमान १२६ होतं, आणि वजन १.५७५ ग्रॅम घ्यायला हवं होतं. ओल्या भुईमुगाच्या शेंगा वाळल्या शेंगांच्या हिशेबात घातल्यासारखं झालं होतं. पोत्यात निम्मं पाणी आणि मी दाणे धरले. परत हिशेब केला: माझ्या १.१२५ ग्रॅमवरून ब्युरेटचं रीडिंग ७.१४ यायला हवं. माझं ७.१ अगदी बरोबर होतं. त्या संध्याकाळी एसटीत मी उभी होते, खिडकीजवळ जागा नव्हती, आणि तरी मला फार आनंद झालेला होता.

मोरचुदातही हेच स्फटिकजल असतं, पाच रेणू. निळा खडा परीक्षानळीत तापवला की पाणी उडतं आणि पांढरी भुकटी उरते. थेंबभर पाणी टाकलं की परत निळी. एकदा मॅडमची परवानगी घेऊन हे करून बघा.

तर आकडा आला तसा लिहा. वहीच्या मागच्या पानावर नाही, थेट निरीक्षण तक्त्यात, पेननं, तिथल्या तिथं. सी.बी.आर. म्हणजे कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग हे जुळवायचं नसतं, जुळून यावं लागतं. जर्नल त्याच रात्री पूर्ण करा. आठवड्यानं लिहिलेलं जर्नल दुसऱ्याचं उतरवलेलं असतं, हे तपासणाऱ्याला पहिल्या पानावर कळतं आणि तोंडी परीक्षेत मग दुसरंच काही विचारलं जातं.

हातानं करायच्या गोष्टी अशा. ब्युरेट आधी पाण्यानं आणि मग ज्या द्रावणानं भरायचं त्यानंच थोडं विसळा, नाहीतर आत राहिलेल्या पाण्यानं द्रावण पातळ होतं. पिपेटही तसंच. कॉनिकल फ्लास्क मात्र फक्त डिस्टिल्ड वॉटरनं विसळायचा. का? यावर पाच मिनिटं विचार करा, मग पुढं वाचा. फ्लास्कमध्ये पिपेटनं मोजून टाकलेले मोल महत्त्वाचे असतात. तिथं जास्तीचं पाणी असलं तरी मोल बदलत नाहीत. द्रावणानं विसळलात तर मोल वाढतात. तोंडी परीक्षेत हा प्रश्न मला विचारला होता.

ब्युरेटच्या तोटीतला बुडबुडा आधी काढा. भरून झालं की वरचं नरसाळं काढून ठेवा, त्यातून एखादा थेंब नंतर पडतो आणि रीडिंग बिघडतं. डोळा द्रावणाच्या पातळीत आणा, वाकलेल्या कडेचा खालचा भाग वाचा. फ्लास्कखाली पांढरा कागद ठेवा. रंग दाखवणाऱ्या दर्शकाचे, फिनॉल्फ्थॅलीनचे, दोन थेंब पुरेत. फिकट गुलाबी छटा अर्धा मिनिट टिकली की थांबा. गडद गुलाबी म्हणजे पुढं गेलात. आणि थोड्या वेळानं रंग उडाला तर घाबरू नका, हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून तो उडतो. परत थेंब सोडत बसू नका. पिपेट तोंडानं ओढायला कुणी सांगितलं तरी रबरी फुगा मागून घ्या. सोडियम हायड्रॉक्साइड बोटाला लागलं की बुळबुळीत लागतं. ते साबणासारखं वाटतं म्हणून सोडून देऊ नका, वाहत्या पाण्याखाली हात धरा.

बाकीचं

रेडॉक्सचा (इलेक्ट्रॉन देण्या-घेण्याचा) धडा आला की आबांचा विळा आठवतो. बोर्डो तयार झालं की ते त्यात लोखंडी विळ्याचं पातं थोडा वेळ बुडवतात. पात्यावर तांबूस थर आला तर म्हणतात, "चुना कमी पडला गं, आण अजून." चुना कमी असला की मोकळं तांबं द्रावणात राहतं, लोखंड त्याला इलेक्ट्रॉन देतं आणि तांबं पात्यावर बसतं. देणाऱ्या लोखंडाचं ऑक्सिडीकरण, घेणाऱ्या तांब्याचं क्षपण. याच कारणानं बोर्डो लोखंडी टिपाडात करत नाहीत. आबा नववी शिकलेत, पण ही परीक्षा त्यांना वीस वर्षं माहीत आहे.

इलेक्ट्रॉन संरूपण, म्हणजे अणूत इलेक्ट्रॉन कुठं किती बसतात ते, पहिल्या तीस मूलद्रव्यांचं लिहून काढा, रोज पाच. क्रोमियम आणि तांबं, २४ आणि २९, ही दोन मूलद्रव्यं नेहमीचा नियम मोडतात. ते का मोडतात ते समजून घ्या. शेतीच्या दुकानात गेलात तर मोरचूद निळा, हिराकस फिकट हिरवा आणि झिंक सल्फेट पांढरं दिसेल. रंग कुणाला असतो आणि कुणाला नसतो याचं उत्तर याच संरूपणात, डी कक्षिका पूर्ण भरल्या आहेत की नाहीत त्यात, सापडतं. बारावीत ते येतं, पण उत्सुकता आत्ताच धरून ठेवा.

गट १३, १४, १५ चा धडा पाठांतराचा आहे. त्यावर फार वेळ घालवू नका, आवर्तसारणीतल्या कलावर भर द्या. सेंद्रिय रसायनात नावं देण्याचा सराव एकदा झाला की भीती जाते. मिथेनचा आकार कागदावर कळत नाही. कणकेचा गोळा आणि खराट्याच्या चार काड्या घ्या आणि चारी काड्या एकमेकींपासून जास्तीत जास्त लांब बसवा. तो कोन १०९.५ अंश येतो. ९० येत नाही, हे हाताला कळतं.

गाइड पहिल्या वाचनाला उघडू नका. पुस्तक एकदा सावकाश, मग गणितं, गाइड परीक्षेच्या आधी. क्लास लावायची ऐपत नसेल तर वाईट वाटून घेऊ नका. मी लावला नव्हता. पण वर्ग बुडवू नका. हजेरीपुरतं कॉलेज आणि सगळं क्लासमध्ये, असा रिवाज पडला आहे, आणि त्यात प्रयोगशाळा जाते. ब्युरेट क्लासमध्ये नसते.

प्रश्न मराठीत विचारा. मला पहिल्यांदा धीर झाला तो सप्टेंबरमध्ये, वर्ग सुटल्यावर, स्टाफरूमच्या दारात. "सर, मोल म्हणजे नक्की किती ते कुणी मोजलं?" सर हसले नाहीत. त्यांनी खुर्ची ओढून दिली आणि वीस मिनिटं सांगितलं, मराठीत. दुसऱ्या दिवशी वर्गात तोच प्रश्न स्वतः घेऊन सगळ्यांना परत शिकवलं. तेव्हा कळलं की तो प्रश्न अर्ध्या वर्गाला पडलेला होता.

गाव ते कॉलेज माझे एसटीत जाऊन-येऊन दोन तास जायचे. गर्दीत पुस्तक उघडता येत नाही. म्हणून सकाळी निघताना एकच प्रश्न मनात घेऊन निघायचे, 'काल शिकवलं ते आबांना कसं सांगू?' आणि रात्री खरंच सांगायचे. ते भाकरी मोडता मोडता ऐकायचे आणि मधेच विचारायचे, "मग त्ये पाणी कुठं गेलं?" जिथं मला उत्तर देता यायचं नाही तिथं वहीत खूण करायची. दुसऱ्या दिवशी त्यावर पहिला हात.

दुसऱ्या चाचणीत मला १७ आले, वार्षिक परीक्षेत ७० पैकी ५८.

माझ्या मामेबहिणीसाठी शेवटचं: नववीचं पुस्तक मामींनी माळ्यावर टाकलंय, निळ्या ट्रंकेत आहे, काढून घे. माझी तीन रकान्यांची वही दिवाळीत आणून देते, पण तोवर तुझी तू घाल, माझी उतरवू नकोस. आणि पहिल्या चाचणीचा पेपर हातात आला की त्याच संध्याकाळी सगळ्या पानांचे फोटो काढून मला पाठव. मार्क कितीही असू देत. आपण दोघी मिळून प्रत्येक चुकीसमोर कारण लिहू.